हातभर अंतर

६ जानेवारी, सोमवार

तात्या आज पुन्हा आत आले. जिमच्या दाराबाहेरच्या खुर्चीत बसायचं असं ठरलेलं असताना, बरोबर सव्वासहाला, सकाळची बॅच ऐन रंगात असताना एकदा खाकरले आणि आत आले. तात्या म्हणजे माझे सासरे, तात्याराव, वय त्र्याहत्तर. खाकरले म्हणजे रीतीनं आले, असं त्यांचं म्हणणं असणार. आमच्या मांजरी गावात मोठा माणूस उंबऱ्याबाहेर खाकरतो, आतल्या बायका पदर सावरून बाजूला होतात, मग तो आत येतो. पंधरा वर्षं मी हे इमानानं केलं. पण खांद्यावर बार घेऊन अर्धी खाली बसलेली बाई कुठला पदर सावरणार आणि कुठे बाजूला होणार, ते त्यांनीच सांगावं.

ही डायरी खताच्या दुकानातून फुकट आलेली आहे, पहिल्या पानावर युरियाची जाहिरात. त्यात हे लिहायला घेतलं, कारण कुणाशी तरी बोलायला हवं आणि घरात तसं माणूस नाही. नवरा, विश्वजीत, पहाटे साडेतीनला मार्केट यार्डात गाळ्यावर जातो, दुपारी येतो, जेवतो आणि झोपतो. सासूबाई जाऊन सव्वा वर्ष झालं. उरलो मी आणि तात्या, आणि आमचं बोलणं भिंतीशी चालतं. मी भिंतीला सांगते, चहा ठेवलाय. ते भिंतीला म्हणतात, बरं.

पुण्याच्या सहकारनगरातली बी.पी.एड. झालेली मुलगी यांनी सून करून आणली आणि चौदा वर्षं भाकऱ्या थापायला लावली. गेल्या श्रावणात खालचा मजला हट्टानं मागून घेतला आणि फक्त बायकांसाठी जिम काढली. आता विश्वजीतची मुदत आहे, गुढीपाडवा. तोवर जागा भरलेली दिसली नाही तर तळमजला औषधाच्या दुकानाला जाणार. तो माणूस मापं घेऊन गेलासुद्धा. माझ्या नावानं या जगात ही एकच गोष्ट आहे. ती गेली तर मी पुन्हा भाकऱ्या थापेन आणि कुणाला काही फरक पडणार नाही.

९ जानेवारी, गुरुवार

आज नियमांचा फलक लावला. व्यायाम करणाऱ्या व्यक्तीपासून हातभर अंतर ठेवावे. न विचारता सल्ला देऊ नये, विचारल्यासही थोडक्यात द्यावा. बाकावरचा आपला घाम आपणच पुसून न्यावा, आम्ही तो साठवत नाही. आम्रपाली वाचून खूप हसली. आम्रपाली माझी ट्रेनर, सव्वीस वर्षांची, कामाला चोख. ती म्हणाली, मॅडम, शेवटी तुमच्यातलं सहकारनगर बाहेर आलंच.

सदस्य बायका नियम पाळतात. नव्या सोसायट्यांतल्या मुली, हेडफोन कानात, नजर आरशात. एकमेकींना जागा देतात, मशीनवर दुसरी असेल तर लांब उभ्या राहतात. हे मला फार आवडतं. घरात माझी अशी जागा कधी नव्हती, स्वयंपाकघरसुद्धा सगळ्यांचंच होतं.

फलक न वाचणारा माणूस एकच. बाहेर थंडी वाजते म्हणून तात्या आत येतात, आणि आल्यावर स्वस्थ बसत नाहीत. मागच्या नळापर्यंत जायचं तर भिंतीकडेनं जावं. ते मधून जातात, प्रत्येक मशीनला हात लावत, गोठ्यातल्या म्हशी थोपटाव्यात तसे. डंबेल्सच्या मांडणीपाशी थांबतात, एकेका डंबेलवरून हात फिरवतात. आज सकाळच्या बॅचमधली ऋतुजा वाकून केटलबेल उचलत होती, तर तिच्या अगदी अंगावर गेले आणि तोंडापाशी तोंड नेऊन म्हणाले, "कोन गं?" तिनं हेडफोन काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

११ जानेवारी, शनिवार

ऋतुजा बॅच संपल्यावर थांबली. खराडीला आयटीत आहे, तिच्यामागून तिच्या सोसायटीतल्या नऊ जणी आल्या आहेत, हे तिलाही ठाऊक आणि मलाही. ती शांतपणे बोलली. काल बाकावर असताना काकांचा हात पाठीवर आला. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी तो लगेच निघाला नाही.

"मॅडम, मी ओव्हररिॲक्ट करत नाहीये," ती म्हणाली. "मला फक्त इथे सेफ वाटायला हवं."

मी म्हटलं, बघते. ती गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. रडण्यासाठी मला अजूनही नळ सोडावा लागतो.

पंधरा वर्षांत या माणसानं माझ्याकडे मान वर करून पाहिलेलं नाही. मी वाढायला आले की हात आखडून बसतात, बोटाला बोट लागू नये म्हणून. हे मला मोठं सोज्वळ वाटायचं. आता मनात येतं, सुनेपुरती रीत आणि परक्या मुलींना वेगळी, असं तर नाही? असं लिहायला नको होतं. पण लिहिलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. बायकांना तिळगूळ वाटला, हसले, गोड बोलले. 

काल दारापासून मशीन्सच्या अलीकडे जमिनीवर पिवळी चिकटपट्टी मारून घेतली. चार बोटं रुंद, इतकी ठसठशीत की न दिसण्याचं काही कारणच नाही. भिंतीला सांगितलं, पिवळ्या पट्टीच्या आत बाहेरच्यांनी यायचं नाही. भिंतीमागून उत्तर आलं, बरं. आज सहा वाजून वीस मिनिटांनी त्याच पट्टीवर पाय देऊन, खाली नजरही न टाकता आत आले. याला काय म्हणायचं? मालकी. जागा त्यांची, इमारत त्यांची, सूनही त्यांचीच.

आणि घरात पाहावं तर चालणं कसं सरळ. ओसरीवरून न्हाणीत, न्हाणीतून देवघरात, एक पाऊल इकडचं तिकडे नाही. माठाशेजारचा पेला न बघता बरोबर हातात येतो. मी चुकून चार बोटं सरकवून ठेवला तर चिडतात. म्हणजे हवं तिथे नीट वागता येतं. धक्के लागतात ते जिममध्येच.

आम्रपालीशी बोलले. ती म्हणाली, मॅडम, मी दिवसभर लोकांच्या माना नि खांदेच बघते. तात्या माणसाकडे मान वळवत नाहीत, आवाजाकडे वळवतात. मला वाटलं, ही पोर किती भोळी. दुसरीकडे बघत हात लावायचा, ही जुनीच युक्ती आहे. पीएमटीच्या बसमधून कॉलेजला गेलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

१७ जानेवारी, शुक्रवार

व्हायचं ते झालं. ऋतुजा बार ठेवून मागे सरकली आणि तात्या तिच्या मागेच होते. तोल गेला म्हणा, काय म्हणा, त्यांनी तिचा दंड घट्ट धरला. ती ओरडली. सगळ्या मशीन्स थांबल्या. तात्या तसेच उभे, दंड धरलेला, तोंड आरशाकडे. मग हात सोडला, वळले आणि दाराकडे जाताना ट्रेडमिलच्या कोपऱ्यावर नडगी आपटली. तसेच बाहेर गेले.

ऋतुजानं पिशवी उचलली. तिच्यामागे चार जणी गेल्या. दुपारपर्यंत जिमच्या ग्रुपवर निरोप आला, सोसायटीतल्या बाकीच्या विचार करत आहेत.

आम्रपालीला समोर बसवून मी ग्रुपवर लिहिलं: 'आमच्या घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीच्या वर्तनामुळे आपणास झालेल्या त्रासाबद्दल मी मनापासून माफी मागते. ती व्यक्ती यापुढे इथे दिसणार नाही.' आम्रपाली म्हणाली, मॅडम, वर्तन हा शब्द काढा, त्याचा एकच अर्थ होतो. मी म्हटलं, तोच आहे. आणि पाठवलं.

१८ जानेवारी, शनिवार

विश्वजीतला सांगितलं. तो जेवत होता. घास तसाच ठेवून म्हणाला, माझ्या बापावर असलं नाव आणताना तुला काहीच कसं वाटलं नाही. मी म्हटलं, मला सगळं वाटतंय, तुला काय वाटतं ते सांग. मग खूप बोललो, म्हणजे मी बोलले. तो हात धुऊन झोपायला गेला. भाकरी ताटात तशीच राहिली.

मला पाडवा दिसतोय. आत औषधांची कपाटं दिसतात. एखाद्या माणसाला वाटतं पाय घसरतोय, तसं नाही, मी पडलेच आहे आणि खाली अजून जमीन लागत नाही.

२० जानेवारी, सोमवार

विश्वजीत बोलेना, म्हणून आज मीच बोलले. स्वयंपाकघराच्या दाराला टेकून, डोक्यावर ओढणी, नजर त्यांच्या पायांवर. या पंधरा वर्षांत त्यांचे पाय मला पाठ झालेत. उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय, नडगीवर खरचटल्याच्या चार-पाच रेघा, काही जुन्या काही नव्या. म्हातारपणी चालायचंच.

मी म्हटलं, जिममधल्या बायकांना तुमची अडचण होते. यापेक्षा स्पष्ट शब्द सासऱ्यासमोर माझ्या तोंडून निघेनात. पाय एकमेकांजवळ आले.

मग म्हणाले, "कुनाला लागलं तर न्हाई ना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काय हा साळसूदपणा. मी म्हटलं, लागलं तर सगळ्यांनाच आहे. तात्या म्हणाले, "बरं. मंग न्हाई येत." आवाज इतका बारीक होता की क्षणभर वाईट वाटलं. मग ऋतुजाचा दंड आठवला.

२२ जानेवारी, बुधवार

गावात पसरलंच. कुणाच्या तरी नवऱ्यानं ग्रुपवरचा निरोप वाचला आणि पारावर नेला. विश्वजीतला गाळ्यावर एका हमालानं विचारलं, तात्यांचं काय ऐकतोय ते खरं का. त्याच पावली तो घरी आला आणि म्हणाला, त्यांना लोणीला राधाकडे सोडतो. राधा माझी नणंद, लोणी काळभोरला असते. वडिलांना काय कारण सांगितलंस, असं मी विचारलं. म्हणाला, हवापालट.

तात्यांनी दोन धोतरं, कानटोपी नि सासूबाईंचा फोटो पिशवीत भरला. गाडीत बसताना दाराऐवजी काचेला हात लावला, मग चाचपत कडी धरली. माझ्या मनात आलं, जायला किती वेळ लावतात. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण मी स्वतःशी खोटं बोलणार नाही असं ठरवलंय.

२७ जानेवारी, सोमवार

ऋतुजा आली. बाकीच्याही आल्या, दोन नव्या घेऊन. सकाळची बॅच पहिल्यांदा इतकी भरली की पायऱ्यांवर थांबावं लागलं. शेफाली, जिंकलीस, असं मी आरशातल्या बाईला म्हणाले. तिला फारसं पटलेलं दिसलं नाही.

दाराबाहेरची खुर्ची कुणीतरी आत आणून तिच्यावर पिशव्या ठेवल्या होत्या.

३० जानेवारी, गुरुवार

साडेदहाला राधाचा फोन. तात्या सकाळी तिच्या ओसरीवरून खाली पडले. दोन पायऱ्या होत्या. भुवईवर पाच टाके. मी म्हटलं, लगेच येतो. ती म्हणाली, थांबा वहिनी, ऐका आधी.

"तात्यांना दिसत नाही."

मी म्हटलं, म्हणजे चष्मा. ती म्हणाली, चष्मा नाही. उजव्या डोळ्यानं काहीच नाही आणि डाव्यानं नळीतून बघावं एवढंच. ते आले त्या रात्रीच मी त्यांच्या तोंडाकडे बघत जेवायला वाढत होते, ते माझ्या खांद्याशी बोलत होते. मी रोज विचारत होते, ते रोज नाही म्हणत होते. आज रक्त पुसताना कबूल झाले. आईला माहीत होतं. आई त्यांना घेऊन हिंडायची. तुम्ही एका घरात राहता, तुम्हाला कसं कळलं नाही?

मग तिनं ग्रुपवरच्या निरोपाचं विचारलं. तिच्यापर्यंतही पोचला होता. तात्यांनाही तिनंच सांगितलं, संतापाच्या भरात. त्यांना तोवर वाटत होतं, आपण आडवेतिडवे येतो, एखादीच्या पायावर वजन पडेल, म्हणून धाडलं.

फोन ठेवला आणि तशीच जमिनीवर बसले. कुनाला लागलं तर न्हाई ना. मशीनला लावलेला हात, डंबेलवरून फिरवलेला हात. दंड धरला तो पडू नये म्हणून. मी सगळं लिहून ठेवलंय, तारखेनिशी. मागची पानं वाचवत नाहीत. पायांवरच्या जखमासुद्धा मी मोजल्या आणि मान मात्र वर केली नाही. मोठ्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही, वाट सोडून बाजूला व्हायचं, पेला जागच्या जागी ठेवायचा. सगळं नीट केलं. इतकं नीट की एक माणूस माझ्यादेखत आंधळा झाला.

३१ जानेवारी, शुक्रवार

ऋतुजाला फोन केला. सगळं सांगितलं, माझ्या निरोपासकट. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, मला खरंच वाईट वाटतंय. पण मला तेव्हा जे वाटलं, तेही खोटं नव्हतं."

मी म्हटलं, नव्हतं. तिचं काहीच चुकलं नाही. तिनं मला सांगितलं, आणि विचारायचं काम माझं होतं. मी विचारलं नाही, ठरवलं.

ग्रुपवर दुसरा निरोप लिहिला. यावेळी वर्तन माझं. आम्रपालीला वाचून दाखवला, तिनं एकही शब्द काढायला सांगितला नाही. पाठवल्यावर तीन जणींनी हात जोडलेली चित्रं टाकली. पारावर हा निरोप कोण नेणार? पहिला धावत गेला होता. विश्वजीत म्हणाला, मी नेतो, आणि संध्याकाळी खरंच गेला. परत आल्यावर म्हणाला, ऐकून घेतलं सगळ्यांनी. एवढंच म्हणाला.

१ फेब्रुवारी, शनिवार

हडपसरला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तपासण्या तीन तास चालल्या. काचबिंदू. उजव्याचं गेलं ते परत येत नाही. डाव्याचं राहिलंय तेवढं थेंबांवर आणि एका शस्त्रक्रियेवर टिकवता आलं तर टिकवायचं. डॉक्टर बाई वयानं लहान होत्या. वर्षभर आधी आला असतात तर, एवढं म्हणून थांबल्या. मग विचारलं, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का? विश्वजीतनं माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा जमिनीकडे पाहिलं. सवय.

विश्वजीत गाडी आणायला गेला. रस्त्याच्या पलीकडे, बरीच लांब लावली होती. दवाखान्याच्या दारात मी आणि तात्या. मी ओढणी खांद्यावर टाकली आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. भुवईवर पट्टी, गालावर पिकलेले खुंट, हनुवटीला खळी. विश्वजीतची खळी त्यांची आहे, हे मला माहीतच नव्हतं. त्यांचे डोळे माझ्या कानापलीकडे कुठेतरी होते.

मी विचारलं, आम्हाला का नाही सांगितलंत? भिंतीला नाही, त्यांना विचारलं.

त्यांनी भुवईवरची पट्टी चाचपली. "माझ्या बापाला दिसंना झालं तवा त्याची खाट गोठ्यात टाकली. दोन वरीस तिथंच व्हता. भाकरी न्हेऊन ठिवायचो आन माघारी यायचो. कुनी दुसऱ्यानं न्हाई टाकली, म्या सोता टाकली." मग म्हणाले, "सोजर व्हती तवर निभलं." सोजर म्हणजे सासूबाई.

 ज्याची त्यांना भीती होती तेच मी केलं होतं, फक्त गोठ्याऐवजी लोणीला.

समोरून विश्वजीतनं हात केला. गाडी अलीकडे आणता येत नव्हती, आम्हालाच पलीकडे जायचं होतं. खाली सहा पायऱ्या. मी तात्यांचा हात धरला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला.

"हात नगं, पोरी. चार लोकं बगत्यात, आदीच लई बोलून झालंय. तू म्होरं चाल आन बोलत ऱ्हा. म्या आवाजामागं येतो."

मी पुढे झाले. म्हटलं, पायरी. त्यांचं पाऊल आलं. अजून एक. अजून एक. सहा पायऱ्या मी पायरी पायरी म्हणत उतरले, आणि पायऱ्या संपल्यावर काय बोलावं ते मला कळेना. या माणसाशी बोलायला माझ्याकडे एकही वाक्य नव्हतं. मी थांबले की तेही थांबत होते. शेवटी मी म्हणाले, "तात्या, माझं चुकलं. मी तुमच्याबद्दल फार वाईट विचार केला."

ते कान माझ्याकडे करून उभे होते. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"ते ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "म्होरं काय हाय, ते सांग."

पुढे एक उघडं गटार होतं, मग पदपथाची कड, मग रस्ता. मी सांगितलं.